पुडीमावशीचा डावा कान

पोटात दुखायला लागलं की पुडीमावशी कधी "दुखतंय" म्हणायची नाही. "जरा बसते," म्हणायची आणि हातातलं काम खाली ठेवायची. आजाराचं नाव मोठ्यानं घ्यायचं नाही, ही सवय तिच्या अंगात मुरलेली होती. ती सवय लागली दवाखान्याच्या खिडकीत.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाकं, मागच्या खोलीत डॉक्टर, आणि मधल्या भिंतीला हातभर रुंदीची खिडकी. खिडकीमागे मावशी. पोरवयात ती तिथे बसली आणि केस पिकल्यावरच उठली. खलात गोळ्या कुटायच्या, चाकूच्या टोकानं पांढऱ्या भुकटीचे सारखे ढीग पाडायचे, कागदाच्या चौकोनात एकेक ढीग घेऊन अशी घडी घालायची की पुडी खिशात चेपली तरी कण सांडू नये. गुलाबी औषधाच्या बाटलीला कागदाची दातेरी पट्टी चिकटवायची. एक दात म्हणजे एक डोस. खिडकीच्या चौकटीत स्पिरिटचा वास असा ठाण मांडून बसला होता की रंगारी नवा रंग देऊन गेला तरी तो काही हलला नाही.

रोगी स्वतः आला तर प्रश्नच नव्हता. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं औषध न्यायला दुसरं कुणी आलं, की मावशी डावा कान खिडकीतून पुढे करायची. "कानात सांग." आलेल्यानं वाकायचं आणि कुणाला काय झालंय ते हळूच सांगायचं. जुळलं की पुड्या मिळायच्या. ही रीत डॉक्टरांनी घालून दिलेली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आजाराचं नाव ज्याला ठाऊक, तो घरचा. बाकीचे नुसते चौकशीला येतात.

एकदा कोपऱ्यावरच्या शिंपिणीची सासू आली. सुनेला कसली औषधं चालू आहेत, या विचारानं तिचा जीव नुसता खालीवर होत होता.

"आमच्या सुनेचं औषध दे गं," पिशवी पुढे करत ती म्हणाली.

"कानात सांगा."

"काय सांगू? तूच सांग की, कशावरचं आहे ते."

"मी विसरले."

"आजवर कुणाची बाटली चुकवली नाहीस, आणि आजच बरी विसरलीस?"

"वय झालं हो, काकू."

मावशी तेव्हा तिशीचीही नव्हती. बाकांवरची माणसं छताकडे बघायला लागली. काकू तणतणत निघून गेली, आणि पुढे कितीतरी वर्षं शिंपीण मावशीचे कपडे सगळ्यांच्या आधी शिवून देत राहिली. का, ते दोघींनी कधी बोलून दाखवलं नाही. वाचनालयातला एक उंच माणूस फेफऱ्याच्या गोळ्या न्यायचा. ते ठाऊक होतं त्याच्या बायकोला, डॉक्टरांना आणि त्या डाव्या कानाला. चौथ्याला नाही. माणसं तिथे उघडी पडत नव्हती, म्हणून तर पायऱ्या चढत होती.

डॉक्टर थकले आणि दवाखाना बंद झाला. त्याच सुमारास एक टापटीप माणूस जुने केसपेपर विकत मागायला आला. लोकांच्या दुखण्यालाही गिऱ्हाईक असतं, हे मावशीला तेव्हा पहिल्यांदा कळलं. डॉक्टरांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग त्याच दुपारी दोघांनी मिळून मागच्या अंगणात, पत्र्याच्या डब्यात, सगळे कागद जाळले. काठीनं राख ढवळत डॉक्टर म्हणाले, "चला, सगळी गल्ली खडखडीत बरी झाली." मावशी हसली. घरी आल्यावर रडली.

अशी बाई फसेल असं कुणाला वाटलं असतं? पण फसली, आणि तिला फसवलं ते तिच्याच जुन्या शिस्तीनं.

झालं असं. जेवण झालं की उजव्या बाजूला कळ यायची, म्हणून मावशी गुपचूप एकटीच सोनोग्राफी करून आली. पित्ताशयात खडे निघाले. रिपोर्ट तिनं कपाटात, कपड्यांच्या तळाशी सरकवला. मुलगा कामानिमित्त परगावी, त्याला कळवायचा प्रश्नच नव्हता. सून बसमध्ये कंडक्टर, दिवसभर उभी. तिच्या जिवाला आणखी घोर कशाला, म्हणून तिलाही सांगितलं नाही. थोड्याच दिवसांत फोन आला.

"मावशी, हॉस्पिटलमधून बोलतोय. खड्यांचा त्रास कसा आहे आता? जेवल्यावर उजवीकडे कळ येते ना?"

घरात ज्याचा कुणाला पत्ता नव्हता, ते हा माणूस बोलत होता. तेही हळू, अदबीनं, थेट कानात. मावशीच्या लेखी तो घरचा झाला. त्यानं मोफत उपचाराच्या सरकारी कार्डाचा नंबर विचारला, तिनं सांगितला. मोबाइलवर आलेले आकडे विचारले, तिनं चष्मा लावून तेही वाचून दाखवले. "जपा हं मावशी," तो म्हणाला. दिवसभर तिला हलकं वाटत होतं. किती वर्षांनी कुणीतरी त्या जुन्या रीतीनं विचारपूस केली होती.

सोनोग्राफी सेंटरच्या टेबलावर लोकांचे रिपोर्ट भाजीसारखे पसरलेले असतात. येणारा-जाणारा चाळतो, कुणी खुशाल फोटो काढून घेतो, आणि ज्यांचा पगार ते सांभाळण्यासाठी होतो ते मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतात. हे तिच्या डोक्यात कुठून येणार? ती ज्या जगातून आली होती, तिथे कागद जाळून मगच दाराला कुलूप लागलं होतं.

पुढच्या वर्षी एका सकाळी मावशी स्वयंपाकघरात दुमडून खाली बसली. या वेळी "जरा बसते" म्हणायचंही सुधरलं नाही. सुनेनं रजा टाकली आणि तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. सर्जनबाईंनी तपासलं. पित्ताशय काढावं लागेल, म्हणाल्या. उशीर केला तर जिवावर बेतेल. कार्डाचं तेवढं करून या.

काउंटरवरच्या माणसानं कार्ड मशीनमध्ये घातलं, स्क्रीन पाहिला, पुन्हा पाहिला.

"आजी, तुमचं पित्ताशय तर गेल्या उन्हाळ्यातच काढलंय."

"कुणी?" सुनेनं विचारलं.

"दुसऱ्या शहरात ऑपरेशन झालंय. नोंद आहे इथे."

"मग हे दुखतंय ते काय शेजारणीचं?"

"ते मी कसं सांगू? रक्तगट बी आहे, बरोबर ना?"

"माझा ओ आहे," मावशी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. चुकीचं रक्त चढवल्यावर काय होतं, ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"कार्ड दिलं असेल कुणाला वापरायला. ओळखीपाळखीत देतात लोक," तो रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला.

कळ थांबवायचं इंजेक्शन घेऊन दोघी परतल्या. मावशी भिंतीकडे तोंड करून पडली. सुनेनं पाणी आणून ठेवलं.

"आई, कुणाला दिलं होतं कार्ड?"

"कुणालाही नाही."

"मग?"

मग तोंड न वळवताच मावशीनं फोनचं सगळं सांगितलं.

"परक्या माणसाला आकडे वाचून दाखवलेत? मी बसमध्ये घसा फोडून सांगते, पाकीट सांभाळा, आणि माझ्याच घरात हे?"

"परका कसा? त्याला आजाराचं नाव ठाऊक होतं."

"ते हल्ली साऱ्या दुनियेला ठाऊक असतं, आई. मलाच तेवढं नव्हतं."

हे मावशीला लागलं. ती कूस बदलून सुनेकडे वळली.

"तुला सांगायला हवं होतं गं."

"कानात सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

मावशी थोडं हसली. मग म्हणाली, "खिडकीशी माणूस वाकायचा ना, त्याचा श्वास लागायचा कानाला. रडून आलाय, घाबरलाय, का नुसता चोंबडेपणा करतोय, सगळं कळायचं. आम्हाला वाटायचं, आम्ही आजाराचं नाव ऐकतोय."

सकाळी सुनेनं आधी कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करून कार्ड बंद करायला लावलं. मग पोलिसांत तक्रार दिली, शिक्क्याची प्रत घेतली आणि दोघी हॉस्पिटलच्या तक्रार खिडकीशी आल्या. खिडकी कसली, जाड काच आणि काचेला बशीएवढं भोक. मागे रांग, मानेवर लोकांचे उसासे.

"काय तक्रार? मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही."

मावशीनं तोंड भोकाशी नेलं, मागे पाहिलं आणि गप्प झाली.

"आजी, आटपा. मागे माणसं आहेत."

"आहेत ना. म्हणूनच."

सून गर्रकन वळली. "चला, मागे सरका, मागे भरपूर जागा आहे. त्या खांबापर्यंत सरका. ओ टोपीवाले, तुम्हीपण. माना काय वाकवताय, कुणाचा स्टॉप आलाय?"

आणि रांग सरकली. जन्मभर बसने हिंडलेली माणसं ती, त्या आवाजापुढे पाय आपोआप मागे जातात.

मग मावशी बोलली. आजार सांगितला, फोन सांगितला, आकडे आपणच वाचून दाखवले तेही सांगितलं. ओरडून नाही, खिडकीतल्या तिच्या जुन्या आवाजात. काचेमागचा माणूस ऐकता ऐकता पुढे वाकत गेला, आणि मावशी बघते तो त्याचा कान भोकाला येऊन टेकला होता.

काम लगेच झालं असं समजू नका. पुन्हा सोनोग्राफी झाली. पोटावर कसलाही व्रण नाही आणि पित्ताशय जागच्या जागी आहे, असं सर्जनबाईंनी लिहून दिलं. तेव्हा कुठे खोटं ऑपरेशन आणि परका रक्तगट तिच्या नावावरून निघाले आणि नवं कार्ड हाती आलं. तोवर मावशी सलाइनवर होती आणि येईल त्या नर्सला "दुखतंय" म्हणून स्पष्ट सांगत होती. ऑपरेशन नीट झालं. तिच्या नावावर स्वतःचं पोट दुरुस्त करून घेणारा मात्र अजून सापडलेला नाही.

टाके सुकत होते तेव्हा एका दुपारी फोन वाजला. सून घरीच होती.

"मावशी, हॉस्पिटलमधून बोलतोय. टाके कसे आहेत?"

"कुठल्या खिडकीवर बसतोस?"

"अं? मावशी, फक्त कार्डाचा नंबर..."

"तू तिथेच थांब. मी येते. कानात सांग काय ते."

तिनं फोन ठेवला आणि चपला शोधायला लागली.

"आई, खरंच हॉस्पिटलचा असला तर?"

"तर थांबेल," मावशी म्हणाली.