हुलग्याचं कढण आणि कणगीतली पाटी

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. कढण थोडा वेळ हलवलं नाही की त्याचा साका तळाशी बसतो, तसे तेही बसत जातात. वरचं पाणी लोक पिऊन जातात, तळचं माझ्यासारखीच्या वाट्याला येतं. आज तेच ढवळायला बसले आहे.

आधीच सांगते, मी शाळेत एक दिवसही गेलेले नाही. जे लिहिते ते माझं मी शिकून. तेव्हा माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका ज्यांना काढायच्या असतील, त्यांनी आधी एकदा कढण करून दाखवावं आणि मग माझ्या वहीला हात लावावा.

परवा नातसुनेनं पुण्यात हॉटेलात नेलं. "आजी, सूप घ्या, व्हेज आहे," म्हणाली. वाटीभर ऊन पाणी आलं, वर मिरपूड भुरभुरलेली. मी एक घोट घेतला आणि वेटरला विचारलं, "बाबा, फोडणी द्यायची राहिली का?"

तो म्हणाला, "आजी, सूपला फोडणी नसते."

"मग हे आजाऱ्यासाठी केलेलं दिसतंय. मी धडधाकट आहे."

नातसून लाजून मेनूकार्डामागं लपली. मी मात्र तिथं बसल्याबसल्या साठ-सत्तर वर्षं मागं उत्रोलीला, भोरजवळच्या माझ्या सासरी, जाऊन पोचले.

*

आमचं सूप म्हणजे हुलग्याचं कढण. हुलगे धुऊन मडक्यात रटरटा शिजवायचे, फुटले की पाणी गाळून घ्यायचं. त्या पाण्याला मीठ, आमसूल, गुळाचा खडा आणि वरून लसूण, जिरं, लाल मिरचीची चरचरीत फोडणी. ते माणसांनी प्यायचं. गाळून राहिलेले हुलगे बैलांचे. नांगर बैल ओढतो, म्हणून जाड ते त्याला आणि पातळ ते आपल्याला. यावर आमच्या घरात कधी कुणी तक्रार केली नाही.

भोरला तेव्हा संस्थान होतं, पण आमच्या घरात राज्य सासूचं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची, सासऱ्यांना मामंजी. थोरली जाऊ सगुणाबाई. मनानं सोनं, पण चुलीपाशी गेली की मीठ घातलं का नाही हे तिलाच आठवायचं नाही. आणि मी धाकटी, वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवरून आलेली. माझ्या नावानं मला त्या घरात कुणी हाक मारली नाही. आत्याबाई "ए वेल्ह्याची" म्हणायच्या, की मी समजायचं.

*

भाटघरच्या धरणावरचे एक ओव्हरसियर मामंजींच्या ओळखीचे. पुण्याचे, टोपीवाले, बोलायला फार गोड. एकदा दुपारी जेवायला आले. आत्याबाईंनी वाटीत कढण दिलं. त्यांनी चमचा मागितला. घरात चमचा नव्हता, पळीच होती, म्हणून ते बोटानं वाटीत ढवळून बघायला लागले.

"काकू, चव झकास आहे. पण यातली डाळ कुठं गेली?"

"ती बैलांनी खाल्ली," आत्याबाई म्हणाल्या. "तुमच्या वाटणीचं ह्ये हाय."

बिचाऱ्यांचा घास हातातच राहिला. पण माणूस खरा रसिक. पुढं जेव्हा जेव्हा आले, तेव्हा ओसरीवर चपला काढतानाच विचारायचे, "काय काकू, बैल जेवले का? मग आम्ही बसू?"

*

हा सगुणाबाईंचा पराक्रम. चुलीपाशी दोन मडकी शेजारी शेजारी. एकात गाळलेलं कढण, एकात बैलांचे हुलगे. सगुणाबाई बोलता बोलता फोडणी करत होत्या. मूठभर मिरच्या, चांगला लसूण, आणि ती जळजळीत फोडणी ओतली बैलांच्या हुलग्यांत. मीठही तिथंच. माणसांच्या मडक्यात नुसतं पाणी राहिलं.

दुपारी पुरुषमाणसं जेवायला बसली. एकेकानं वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. कुणी अवाक्षर बोललं नाही. सगळ्यांना वाटलं, आत्याबाईंच्या हातचं आहे! मामंजींनी तर मिशा पुसून सांगितलं, "आज कढण कसं औषधावाणी लागतंय. अंगाला चांगलं."

इतक्यात गोठ्यात धडाधडा आवाज झाला. धवळ्या बैलानं खुंटा उपटला आणि दावं ओढत तो थेट ओढ्याकडं पळाला. सगळं घर मागं. बैल पाण्यात तोंड घालून उभा, काही केल्या बाहेर येईना. मामंजींनी त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

ते काठावर बसले आणि म्हणाले, "घरात एवढी माणसं जेवली, पर खरं बोलला त्यो हा एकटा."

*

माझ्या हातच्या पहिल्या कढणाची कथा मात्र अशी हसण्यावारी गेली नाही. आमच्या डोंगरात कढणाला थोडं नाचणीचं पीठ लावतात, अंगात ऊब राहते. मी माहेरच्या सवयीनं पीठ लावलं, ते जरा जास्त झालं. आत्याबाईंनी पळी मडक्यात उभी केली. पळी उभीच राहिली.

"ए वेल्ह्याची, ह्ये प्यायचं का ह्येनं भुई सारवायची?"

गप्प बसावं एवढी अक्कल मला तेव्हाही नव्हती. मी म्हटलं, "आत्याबाई, आमच्याकडं वारं लई. पातळ कढण वाटीतनं उडून जातंय."

मामंजींना ठसका लागला. आत्याबाईंना लागला नाही. त्यांनी माझ्या हातातली पळी काढून सगुणाबाईंच्या हातात दिली आणि मला जाळाशी बसवलं. चुलीत लाकडं सारायची, एवढंच माझं काम. शिक्षा म्हणून दिलं, पण माझं त्यातच कल्याण झालं.

*

झालं ते असं. भोरच्या बाजारातून जिरं, मिरी, हळद यायची ती छापील कागदाच्या पुड्यांतून. पुडी सोडली की कागद चुलीत. जाळाशी मीच, तेव्हा कागद माझ्याच हातात. जाळायच्या आधी मी ते बघत बसायची. वाण्याला विचारून चार अक्षरं कळली, पुढची मी ताडून ताडून लावली. मग एका बाजारी पदराखाली लपवून एक पाटी आणली. सकाळचा जाळ पेटला की गुडघ्यावर पाटी.

एके दिवशी मला 'हुलगे' लिहायचे होते. 'ह' काही केल्या येईना. त्याची शेपटी कुठं वळवायची ते कळेना. पाच वेळा पुसला, सहाव्यांदा जमला. वर बघते तो मडकं खाली लागून करपलेलं, आणि दारात आत्याबाई.

"काय करतीस?"

"हुलगं लिवतीया."

"लिवलेलं खायाला घाल आता समद्यास्नी."

त्यांनी पाटी उचलली, माजघरात गेल्या आणि भाताच्या कणगीत खोल खुपसून आल्या. मी मागं मागं. मी म्हटलं, माझी पाटी द्या. त्या म्हणाल्या, बाईमाणसानं वाचून काय दिवा लावायचाय. मी म्हटलं, वाण्यानं पुडीवर काय लिहिलंय ते तरी कळंल. त्या म्हणाल्या, जिरं न वाचता बी जिरंच लागतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं, एवढं लिहून ठेवते. त्या घरात माझी म्हणून जी एकच वस्तू होती, ती भातात पुरली होती.

आत्याबाईंनी ते पाणी बघितलं असावं. कारण मग सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं, "ऐका समदी. ज्या दिशी हिच्या हातचं कढण म्या माज्या तोंडानं दुसऱ्यांदा मागीन, त्या दिशी हिनं पाटी काढावी. तवर कणगीला हात लावायचा न्हाई."

सगळं घर हसलं. का, तर आत्याबाईंनी उभ्या जन्मात कधी कशाचंही दुसऱ्यांदा मागितलेलं नव्हतं. एक वाटी संपली की ती उपडी घालायची आणि उठायचं. स्वतःच्या लेकाच्या लग्नात जिलबी दुसऱ्यांदा घेतली नाही त्या बाईनं!

*

पण मी वेल्ह्याची. सगुणाबाईंना पटवलं आणि आठवड्यातून एकदा पळी मागून घेतली. गूळ वाढवून बघितला. वाटी उपडी. लसूण दुप्पट केला. वाटी उपडी. वरच्या वस्तीवरची एक धनगराची म्हातारी लोणी घेऊन यायची. ती म्हणाली, "आगं, हुलगं आदी भाजून घी, मग शिजीव." तसं केलं, तर वासानं शेजारीण भिंतीवरून डोकावली. मामंजींनी तीन वाट्या प्यायल्या. आत्याबाईंनी एक प्यायली, आणि वाटी उपडी.

शेवटी मी बाजारात नवीनच आलेली लाल भेदरं आणली. आज त्यांना टोमॅटो म्हणतात आणि त्यावाचून कुणाचं पान हलत नाही. पण तेव्हा जुनी माणसं तोंड फिरवायची. चिरल्यावर मांसासारखं दिसतं म्हणायची. मी चार भेदरं उकडून कुस्करली आणि कढणात घातली. मडकं लालभडक झालं.

मामंजी पाटावरून उठून उभे राहिले. आत्याबाईंनी ते मडकं तसंच उचलून म्हशीपुढं ओतलं. म्हशीनं चाटूनपुसून खाल्लं.

आणि मग सगळ्यांच्याच मनात एक शंका आली. पुढचे तीन दिवस धार काढायच्या वेळी सगळं घर गोठ्यात गोळा. चरवीत डोकावून बघायचे, दूध लाल येतंय का म्हणून. चौथ्या दिवशी मामंजी म्हणाले, "पांढरंच हाय." तेव्हा कुठं घरात चहा झाला.

*

त्या वर्षी कार्तिकात माणसं भात झोडायला खळ्यावर गेली, आणि आत्याबाईंना हिवताप आला. आठ दिवस पोटात अन्न ठरेना. हात काडीसारखे झाले. वैद्य आले, नाडी बघितली आणि मला व सगुणाबाईंना दाराबाहेर नेऊन म्हणाले, "दुसरं काही देऊ नका. कढण द्या, लसूण घालून. पोटात ठरलं तर उठतील." नाही ठरलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी सगुणाबाईंनी केलं. आत्याबाईंनी एक घोट घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं. "मला बरं वाटतंय. आता काय बी नगं."

सगुणाबाई चुलीपाशी येऊन माझ्या हातात पळी देत म्हणाल्या, "तूच कर बाई. माज्या हातानं ह्या जायच्या."

मी हुलगे भाजले. शिजवून दोनदा गाळले. नाचणीचं पीठ अगदी चिमूटभर लावलं. सगुणाबाईंनी आत्याबाईंना पाठीशी धरून बसवलं, मी वाटी तोंडाला लावली. त्या हळूहळू प्यायल्या. आम्ही दोघी त्यांच्या गळ्याकडं बघत होतो.

"मीठ कमी हाय."

मी मीठ घालून पुन्हा वाटी भरली. तीही संपली.

"आता आमसूल वर आलं. आदीचं बरं हुतं का ह्ये, कळंना." वाटी पुढं आली. मी ओतलं.

"गार झालंय."

मी निखाऱ्यावर ऊन करून आणलं. ही चौथी. ती त्यांनी दोन्ही हातांनी स्वतः धरून प्यायली. कपाळावर घाम आला. आठ दिवसांत पहिल्यांदा.

सगुणाबाई हळूच म्हणाल्या, "आत्याबाई, चार झाल्या."

"मग? म्या मागितलं का? म्या तपासलं. तू साक्षीला हायस."

सगुणाबाई खरं बोलणारी बाई. "न्हाई मागितलं. वाटी तेवढी आपली आपण फुडं येत हुती."

मी रिकामं मडकं उचललं. शब्द तो शब्द. म्हटलं, "बरूबर हाय, आत्याबाई. तुमी मागितलं न्हाई. तुमीच जिंकला."

त्यांना ते ऐकून फार बरं वाटलं. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "उद्या कशाचं करनार हायीस? हुलग्याचंच का मुगाचं?"

"उद्या मी न्हाई. उद्या जाऊबाई करतील. वैद्यांनी कढण सांगितलंय. कुणाच्या हातचं, ते काय सांगितलं न्हाई."

"करीन की," सगुणाबाई म्हणाल्या, आणि लगेच सूप घेऊन हुलगे पाखडायला बसल्याही.

आत्याबाईंनी डोळे मिटले. खळ्यावरून भात झोडल्याचा आवाज येत होता. झोप लागली असं मला वाटलं. मग डोळे न उघडताच त्यांनी हात वर केला आणि कणगीच्या दिशेनं बोट दाखवलं.

"पाटी काढ. चुलीपाशी बसून काय लिवायचं त्ये लिव. पर पळी हातातनं सोडशील तर बघ."