सोडून दिलेला ट्राउट

मंडळी, गळाला गांडूळ लावून बसणाऱ्यांना मी मासेमार मानत नाही. आज सकाळी इथे परदेशात, घराजवळच्या गोलबर्न नदीवर, मी स्वतः पिसांपासून बांधलेल्या कृत्रिम माशीला एक देखणा ट्राउट लागला. मासा मारणे माझ्या शिस्तीत बसत नाही; पाण्यातच गळ काढून मी त्याला सोडून दिले.

गेल्या वर्षी आई गावाहून माझ्याकडे आली होती, तेव्हा याच काठावर बसली होती. मूळची रत्नागिरीची. म्हणाली, "अरे, ताटात यायचा नाही तो मासा धरतोस कशाला?"

आता डॉक्टरांनी तिचा विमानप्रवास कायमचा बंद केला आहे.

घरी येऊन तिला व्हिडिओ कॉल केला.

"केवढा होता रे?"

मी हातांनी माप दाखवले. ती म्हणाली, "पुढच्या वेळी मी तिथे असले, की मात्र तळायचा."

मी "हो" म्हणालो. तुम्ही काय म्हणाला असता?