मेंढरांपुढचा हॉर्न
सोलापूरच्या घरातलं कपाट उघडलं, की माझ्या वडिलांच्या, आबांच्या घोंगडीचा वास येतो आणि मला स्कॉटलंडचा उत्तर किनारा आठवतो. भाड्याच्या गाडीतून एकटीच फिरत होते. रस्त्याला लागून काळा कडा, खाली खवळलेला समुद्र. वळणावर मेंढरं आडवी आली. घाई कसलीच नव्हती, तरी मी हॉर्न दाबून धरला. मेंढरं बिथरून कड्याच्या टोकाकडे पळाली. मेंढपाळ म्हातारीने धावत जाऊन ती वळवली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर मेंढरं हाकताना आबाही मोटारवाल्यांकडे असंच बघायचे. संध्याकाळी त्यांचा फोन आला. “तितं बी मेंढरं हायती का गं?” “हायती की.” “मग गाडी बंद करून थांबलीस न्हवं?” “व्हय आबा,” मी म्हणाले. आबा गेल्यावर घोंगडी माझ्याकडे आली. तिची घडी मी अजून मोडलेली नाही.