आई जिन्याने निघाली

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसायला वाचायचे, खरं सांगते. सावल्या, पैंजणांचे आवाज... कशावरच विश्वास नव्हता. आता आहे का, तेही ठाऊक नाही. झालं ते लिहिते.

आम्ही दिंडोशीला राहतो, सातव्या मजल्यावर. मी, नवरा आणि बारावीतली मुलगी ऋचा. माझी आई मालवणजवळ गावीच वारली. त्यानंतर वर्षभराने आम्ही हा फ्लॅट घेतला, म्हणजे तिने हे घर पाहिलेलंच नाही.

मी दारू पीत होते. 'बाई असून' वगैरे जे मनात आलं असेल ते येऊ दे, चिडण्याइतकीही ताकद आता नाही. सोडून काही आठवडे झाले होते. लोकांना वाटतं, सोडली की माणूस ताजातवाना होतो. कसलं काय! हात थरथरायचे, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा. झोप तुकड्यातुकड्यांची. टीव्हीवरची जाहिरात बघूनही रडू यायचं. डॉक्टर म्हणाल्या, "शरीर भरून निघतंय, वेळ लागेल." मला मात्र फक्त थकवा कळायचा — हाडांत साचलेला.

त्या दुपारी घरी एकटीच होते. पर्स घेतली, चपला घातल्या. कोथिंबीर आणायला जातेय, असं स्वतःला सांगत होते. कोथिंबीर फ्रिजमध्ये होती... आणि वाइन शॉप कोपऱ्यावर. कडीला हात लावला आणि इंटरकॉम वाजला.

महिन्याभरापूर्वी लागलेला नवा वॉचमन होता. "मॅडम, आपकी माताजी आयी हैं. भेज दूँ?"

"किसकी माताजी?"

"आपकी. बोल रही हैं, बाय के घर जाना है."

मला 'बाय' म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही.

राँग फ्लॅट म्हणून फोन ठेवता आला असता. तोंडातून निघालं, "भेज दो."

"वो तो निकल गयीं, मॅडम. लिफ्ट के लिए बोला तो 'माका नको' ऐसा कुछ बोलीं. सीढ़ी से आ रही हैं."

आई लिफ्टला घाबरायची. आत पाऊल टाकायची नाही.

मी दार सताड उघडलं आणि उंबरठ्यापाशीच बसले. खालून चपला घासत येत होत्या. प्रत्येक वळणावर थांबायच्या, मग पुन्हा सुरू. आवाज सहाव्या मजल्यापर्यंत आला आणि थांबला. मी वाकून बघितलं नाही. बघितलं आणि तिथे कुणी नसलं तर? पर्स मांडीवर, पायांत चपला, तशीच बसून राहिले. ऊन जिन्यातून निघून गेलं तरी.

संध्याकाळी ऋचा क्लासवरून आली. "इथे काय करतेस?"

"आजी येतेय. जिन्याने."

ती माझ्या तोंडाजवळ वाकली. रोज वाकते, काहीतरी निमित्त काढून वास घेते. मला कळतं. वास नव्हता. मग तिने सॅक खाली टाकली, माझ्या शेजारी बसली आणि माझा हात धरून ठेवला. कितीतरी महिन्यांनी...

वॉचमन अजून शपथेवर सांगतो — पिकलेले केस, हिरवं नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी. खाली परत कुणी उतरलं नाही. नवऱ्याने सोसायटीचा कॅमेरा बघून घेतला. त्यात वॉचमन एकटाच आहे. खुर्चीतून उठतो, समोर कुणीही नसताना हात जोडतो, जिन्याकडे बोट दाखवतो. डॉक्टर म्हणाल्या, "अशा दिवसांत भास होतात." मला होतील, मान्य. पण वॉचमनला?

खुलासा अजूनही नाही. त्या दिवशी मी प्याले नाही, एवढं खरं. थकवा आहेच. त्या संध्याकाळी आत येताना मी दार लावायला गेले, तेव्हा ऋचाच म्हणाली,

"राहू दे गं उघडं थोडा वेळ. दमली असेल ती."