पंचफुलाबाईचा खुलासा

आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या पंचफुलाबाई साडेतीन वर्षांपूर्वी आळशी झाल्या. हे निदान गावानं एकमतानं केलं. रक्त तपासायची गरज कुणालाच वाटली नाही. त्यांच्याकडे नुसतं बघून सगळ्यांना कळत होतं. त्या सगळ्यांत मीही होते. मी त्या शाळेत चौथीला शिकवते.

शाळा आंधळगावपासून चार किलोमीटरवर. पोरं एकशे साठ, स्वयंपाकाला दोघी जणी: पंचफुलाबाई आणि शकुनबाई. पंचफुलाबाईंचं वय सत्तेचाळीस, शाळेतली नोकरी चौदा वर्षांची. भाताचा भरला गंज शकुनबाईंसोबत चुलीवरून उतरवतानाही त्यांचं तोंड कुणाची तरी टर उडवत असायचं. आवाज असा, की त्यांनी स्वयंपाकघरातून "जेवाले या रे" म्हटलं की घंटा वाजवायची गरज नसे.

मग तो आवाज बसला. घोगरा झाला, जड झाला. चेहऱ्यावर सूज आली. चैत्रात सगळे घामानं निथळत असताना बाई चुलीपुढे स्वेटर घालून. कंगव्यात केसांचा पुंजका. सकाळी अकरालाच भिंतीला टेकून बसू लागल्या, आणि लाडू दिल्यासारखा प्रत्येकानं त्यांना एकेक सल्ला दिला. नवरा तेजराम म्हणाला, "बसून बसून सुटली हे." नणंद कुंताबाईंनी मिरच्या ओवाळून टाकल्या. मी शिकलेली असल्यामुळे माझा सल्ला शास्त्रीय होता. मी म्हटलं, "बाई, सकाळी थोडं चालत जा."

"मॅडम, घरून शाळेत मी का उडत येतो का?" त्या म्हणाल्या.

एका दुपारी शकुनबाई रजेवर होत्या. पंचफुलाबाईंनी डाळ चढवली, तांदळाच्या पोत्याला पाठ टेकली आणि झोपल्या. करपल्याचा वास वर्गात आला तेव्हा मी धावले. डाळ कोळसा झाली होती आणि बाई तोंड उघडं टाकून निजल्या होत्या. त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर रंगीत चित्र होतं: हिरव्या भाज्या, दूध, अंडी, आणि खाली 'सुदृढ शरीर, सुदृढ देश'.

पोरांनी त्या दिवशी भात आणि लोणचं खाल्लं, आणि आनंदानं खाल्लं. पण मुख्याध्यापक भुपेंद्र सरांना कागद आवडतो. त्यांनी तीन दिवसांत लेखी खुलासा मागवला. बाई कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

"लिहा मॅडम. झोप आली."

"एवढंच कसं लिहायचं? कारण द्यावं लागतं."

"कारण मले समजलं असतं तं मी झोपली असती का? लिहा, रात्री आठ घंटे झोपली, तरी सकाळी वाटे का रातभर धान कापून आली. आंग धोंड्यावानी जड. पोत्याले टेकली अना डोळे लागले. डाळीचं मले लय वाईट वाटून राहिलं."

मी लिहिलं, 'अस्वस्थ वाटल्यामुळे सदर प्रकार घडला, पुढे असे होणार नाही.' सरांनी समाधानानं तो कागद फाइलला लावला. बाईंनी सांगितलेलं खरं कारण तेवढं मी सुबक अक्षरात गाळलं होतं.

जुलैत पोरांच्या तपासणीला एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं पोरांची वजनं घेतली, दात बघितले. बाई तिच्यापुढे पोह्यांची बशी ठेवायला गेल्या तेव्हा तिनं बशीऐवजी त्यांचा हातच धरला.

"हात इतके थंड? आवाज आधीपासून असाच आहे का?"

"पोरायवर ओरडून ओरडून झाला असन."

"ओरडतो आम्ही," मी म्हटलं. "त्या फक्त जेवायला बोलावतात."

तिनं बाईंच्या पापण्या ओढून बघितल्या, गळा चाचपला, पाळीचं विचारलं, पोट साफ होतं का विचारलं. एकशे साठ पोरं तपासायला आलेल्या डॉक्टरणीला आजारी सापडली ती स्वयंपाकीण. रक्त तपासायला गेलं, अहवाल आला: थायरॉइड अगदीच मंद, रक्तात लोह कमी, बी-बारा कमी.

तेजराम अहवाल घेऊन बराच वेळ ओट्यावर बसला होता. मला म्हणाला, "मंजे हा आळस नोहे?"

"नाही."

"मंग काय म्हनाचं याले?" दोन वर्षं वापरलेला शब्द हातातून गेला, याचं बिचाऱ्याला खरंच दुःख झालं होतं.

गोळ्या सुरू झाल्या. बाई कामसू, त्यांनी थायरॉइडची, लोहाची, कॅल्शियमची अशा तिन्ही गोळ्या पहाटे एकदम तोंडात टाकून चहाच्या एका घोटात गिळायला सुरुवात केली. काम एका फटक्यात निपटलं. शिवाय कुंताबाईंनी मोबाइलवर आलेलं सगळं ज्ञान पुरवलं. त्याप्रमाणे पत्ताकोबी बंद, सोयाबीन बंद, शेंगदाणे बंद, आणि कुठल्याशा पाल्याचा कडू रस चालू. जे खायला मिळत होतं तेही गेलं. तीन महिन्यांनी बाई होत्या तिथंच होत्या, आणि गाव पुन्हा खूश झालं. "आम्ही सांगतच होतो."

या वेळी मोहाडीच्या दवाखान्यात मी त्यांच्यासोबत गेले. डॉक्टरीणबाई नवा अहवाल बघून म्हणाली, "गोळी घेता ना?"

"रोज. नागा नाही."

"कशी घेता, मला करून दाखवा."

बाईंनी तळहातावर तीन काल्पनिक गोळ्या ठेवल्या, तोंडात टाकल्या आणि वरून काल्पनिक चहा फुरकला. डॉक्टरीणबाईनं कपाळाला हात लावला. मग तिनं समजावलं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत; त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास चहा नाही. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब, नाहीतर ते तिला अंगी लागूच देत नाहीत. आणि लोहाचंही चहाशी जमत नाही, त्याला लिंबू चालतं. पत्ताकोबी शिजवून खायला हरकत नाही. कडू रस बंद.

"आणि जेवता काय?"

"भात. भाजी उरली तं भाजी."

"उरली तर?"

बाईंनी अहवालाची घडी घालायला घेतली. मग मलाच आठवत गेलं. पोरांना अंडी मिळायची त्या दिवशी बाई अंडी सोलून मोजून वाढत, आणि शेवटी गंजाच्या तळाचा भात घेऊन बसत. घरी तलावाची मासोळी आली की तेजरामला मधले तुकडे, बाईंना डोकं आणि रस्सा. "मले डोकंच आवडते," त्या म्हणत, आणि आम्ही सगळ्यांनी ते सोयीनं खरं मानलं होतं.

त्या संध्याकाळी काय झालं ते मला तेजरामनंच तक्रारीच्या सुरात सांगितलं. बाईंनी मासोळी रांधली, पहिलं ताट स्वतःचं वाढलं, मधले दोन तुकडे घेतले आणि जेवायला बसल्या.

"लोक काय म्हनतीन?" तेजरामनं विचारलं.

"कोनते लोक? पोरगी सासरी गेली. घरात तुमी अना मी."

"पहिले मले वाढाची रीत होती."

"होती. अना उद्यापासून सकाळचा चहा तुमीच मांडत जा. गोळी घेतल्यावर मले पाऊण घंटा पेता येत नाही, अना चुलीपाशी बसली तं मन होते."

वयाच्या बावन्नाव्या वर्षी तेजराम चहा शिकला. पहिले आठ दिवस त्यानं चहापत्ती अशी टाकली, की शेजारी चव घ्यायला येऊन परत गेले. पण मांडला रोज, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. दुपारी शाळेत बाई लिंबू पिळून लोहाची गोळी घेऊ लागल्या. बी-बाराची इंजेक्शनं झाली. हप्त्यात चार अंडी त्या स्वतःच्या पैशानं आणून स्वतः खाऊ लागल्या, आणि हे गावात कित्येक दिवस चर्चेला पुरलं.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. दीड महिन्यानं, ऐन थंडीत, चुलीपुढचा स्वेटर उतरला. गोळीची मात्रा एकदा वाढवावी लागली. चौथ्या महिन्यात एका दुपारी मी वर्गात गुणाकार शिकवत होते आणि स्वयंपाकघरातून "जेवाले या रे" ऐकू आलं. पोरं उठून पळाली. मी खडू हातात धरून उभी राहिले, आणि मला माझा चालण्याचा सल्ला आठवून बऱ्यापैकी लाज वाटली. केस मात्र पहिल्यासारखे आले नाहीत. काही दिवस अजूनही अंग जड असतं. त्या दिवशी बाई सरळ सांगतात, "आज माह्यानं गंज उचलत नाही," आणि गंज उतरवायला शकुनबाईंसोबत भुपेंद्र सरांना जावं लागतं. सर खुलासा मागत नाहीत.

पुढच्या दिवाळीनंतर शकुनबाईंना चक्कर येऊ लागली. त्यांच्या सुनेनं लगेच निदान केलं, "कामाची चोरी." पंचफुलाबाईंनी ते ऐकलं, सुट्टीचा दिवस धरला आणि शकुनबाईंना हाताला धरून मोहाडीच्या गाडीत बसवलं. तपासण्या झाल्या. थायरॉइड ठणठणीत, रक्त मात्र फार कमी. शकुनबाईंचा चेहरा पडला. "मले थायरॉइड काहून नाही निघालं वं?" त्यांनी परतताना विचारलं.

पंचफुलाबाईंनी पिशवीतून उकडलेलं अंडं काढलं, सोललं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. "खा चूपचाप," त्या म्हणाल्या.