रिकाम्या आकाशाचा अर्धा तास

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्याच गेला, म्हणाले. मी 'बरं' म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून टाकली. आता दीड महिना झाला. शेजारीण म्हणते, "रडून घ्या हो ताई." नाही येत रडू, काय करू? आम्ही दोघं भावंडं, दोघंही बिनलग्नाची, घाटकोपरच्या या घरात तीस वर्षं एकत्र राहिलो. तो गेला आणि मला काहीच होत नाही, म्हणजे माझ्यात कधी काही नव्हतंच की काय... याचीच भीती वाटते.

माझा भाऊ पल्सारमधून येणारे गॅमा किरण शोधायचा. पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला, गरगर फिरणारा गाभा. डोंगरावरच्या दुर्बिणीवर महिना महिना काढून यायचा. मी विचारायचे, "सापडलं का रे?" "नाही गं." "मग इतके दिवस काय केलंस, डोंबल?" तो हसायचा. म्हणायचा, जितका वेळ पल्सारकडे बघायचं, तितकाच शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे बघायचं. दोन्हींत फरक निघाला, तरच तिथे काही आहे म्हणायचं.

एकदा फरक निघाला. मी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. आणि महिन्याभरात यानेच शोधून काढलं, की रिकामं आकाश बघताना पातळ ढग आला होता, म्हणून तिकडे कमी मोजलं गेलं. छापून आलेला शोधनिबंध स्वतःहून मागे घेतला. मी जाम भडकले. "गप्प बसला असतास तर कोणाला कळलं असतं?" "मला," म्हणाला, आणि जेवायला बसला.

आमचा संध्याकाळचा चहा अर्धा तास चालायचा, गॅलरीत, समोरासमोर. बोलणं फारसं नसायचंच. या आठवड्यात मी ठरवलं, तसंच बसायचं. तोच चहा, तितकाच वेळ, समोर त्याची रिकामी खुर्ची. तीन दिवस काही नाही. खाली रिक्षा, वर विमानं, आणि मी आपली ढिम्म.

काल चहा संपला आणि उठता उठता मी सवयीने ओरडले, "कप विसळून ठेव रे!" रोज तो "हो गं ताई" म्हणायचा आणि कप तसाच टाकून जायचा. तीस वर्षं मी त्यावरून चिडले. काल उभी राहिले, त्याच्या "हो गं"ची वाट बघत... कप एकच होता. तो हातात घेऊन मी खाली बसले आणि ढसाढसा रडले.

फरक आहे रे, मिलिंद. खूप आहे.