धार न गेलेला चिमटा

आमच्या भागात कुणाला चष्मा लागला की तो दोन पायऱ्या चढून एका अरुंद दुकानात जातो. तिथे एक बाई त्याच्या नाकावर काचा चढवतात, कानामागच्या काड्या जरा वाकवतात आणि विचारतात, "आता कसं दिसतंय?" याचं उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे, वीतभर अंतरावर, एकच गोष्ट असते, ती म्हणजे बाईंचा चेहरा. माणसाला जग पहिल्यांदा स्वच्छ दिसतं तेव्हा जग म्हणून आपण उभे असतो, ही या कामातली अडचण बाईंना नोकरीवर घेताना कुणी सांगितली नव्हती. तेव्हा सांगायची गरजही नव्हती.

गरज पडली पंचेचाळिशी उलटल्यावर. हनुवटीवर आधी एकच केस आला. काळा, ताठ आणि स्वाभिमानी. बाईंनी तो उपटला. त्याने हे मनाला लावून घेतलं असावं, कारण पुढच्या खेपेला तो चार नातेवाईक घेऊन आला.

बाईंनी तिकडे काणाडोळा केला, पण फार दिवस नाही. एका शाळकरी मुलीला तिचा पहिलावहिला चष्मा लावून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मुलीने दाराबाहेर पाहिलं, छताकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं.

"मस्त दिसतंय. काकू, तुम्हाला दाढी आहे?"

मुलीची आई फ्रेमच्या किमतीवरून मालकांशी हुज्जत घालत होती. ती मध्येच थांबली आणि सांगितली ती किंमत देऊन मोकळी झाली. मालकांनी पैसे गल्ल्यात टाकले आणि गंभीरपणे म्हणाले, "नंबर अगदी बरोबर निघालाय."

आता चाळिशीपंचेचाळिशीच्या बाईला हनुवटीवर केस येणं ही काही वर्तमानपत्रात छापण्याजोगी घटना नाही. अडचण वेगळीच होती. बाईंचे यजमान सलूनवाले. त्याच रस्त्याला, तिठ्यावर, तीन खुर्च्यांचं त्यांचं दुकान. हा गृहस्थ माणूस बघायला जबड्यापासून सुरुवात करतो आणि बहुतेकदा तिथेच थांबतो. सासऱ्यांच्या आजारपणात मोठे डॉक्टर घरी येऊन गेले, तर डॉक्टर काय म्हणाले हे यांना आठवेना. कल्ले कमीजास्त होते, हे मात्र आठवत होतं. स्वतःच्या लग्नाचा अल्बम उघडला तरी, "तुझ्या भावाची मिशी डावीकडे उतरलीय बघ," असं म्हणून पान उलटतात.

"त्यांना कळलं तर रागावतील, असं नाही गं," बाई धाकट्या बहिणीला म्हणाल्या. "पण आत्तापर्यंत त्यांनी एका माझ्याकडे धंद्याच्या नजरेने पाहिलं नाहीये. उद्या समोर बसून चहा घेताना मनातल्या मनात फेस काढायला लागले तर?"

बहीण आधी पोट धरून हसली, मग तिला ताईचा चेहरा दिसला. "बरं बाई, नाही कळू द्यायचं," ती म्हणाली.

झालं, मोहीम सुरू झाली.

पहिल्यांदा दोरा. पार्लर सलूनच्या शेजारीच, मधे प्लायवूडची भिंत. पार्लरवालीने दोऱ्याचं टोक दातात धरलं, भुवया कोरल्या, आणि दोरा सोडून खणखणीत आवाजात विचारलं, "हनुवटी पण साफ करायची ना, ताई?" भिंतीपलीकडे रेडिओ चालू होता. तो नेमका त्याच वेळी बंद झाला. बाईंनी तोंडातल्या तोंडात "नको" म्हटलं आणि अर्धवट झालेल्या भुवया घेऊन उठल्या.

मग आलं क्रीम. खोक्यावर लिहिलं होतं की, आधी कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस थांबा. बाईंनी आयुष्यभर लोकांना सूचना वाचता याव्यात म्हणून काचा विकल्या. स्वतः मात्र ही सूचना वाचून बाजूला ठेवली. संध्याकाळपर्यंत हनुवटी टोमॅटोसारखी झाली.

"हे काय झालं?" यजमानांनी विचारलं.

"साबण बदलला."

"हं. कोरफड लाव," एवढंच म्हणून ते पेपर वाचू लागले. पेपर त्यांनी हल्ली हात लांब करून धरायला सुरुवात केली होती, पण त्या दिवशी बाईंना स्वतःच्या हनुवटीपलीकडचं काही दिसत नव्हतं.

हनुवटी निवल्यावर ब्लीच. त्याने केस जात नाहीत, फक्त सोनेरी होतात. इतर कुठल्याही नोकरीत हे खपलं असतं. चष्म्याच्या दुकानात मात्र काचा चमकाव्यात म्हणून चोहोबाजूंनी दिवे लावलेले असतात. बाईंच्या हनुवटीवर दिवसभर सूर्योदय चालू राहिला.

शेवटी त्या चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी आधी पाळीचं विचारलं, वजनाचं विचारलं, रक्त तपासायला लावलं. सगळं ठीक निघालं. "वयाचं आहे," त्या म्हणाल्या. "लेसर करता येईल, पण तो फक्त काळा केस ओळखतो. तुमचे निम्मे पांढरे झालेत. त्यांना एकेकाला गाठून विजेची सुई लावावी लागते. जरा आधी आला असतात तर बरं झालं असतं."

दाढी पिकेपर्यंत थांबलात कशाला, असं बाईंना आयुष्यात प्रथमच कुणीतरी विचारत होतं.

"नाहीतर सरळ रेझर फिरवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाट येतात वगैरे काही खरं नसतं."

बाईंना ते पटलं नाही. शिवाय त्या घरात रेझर लपवणं म्हणजे पोस्टमास्तरच्या घरात चोरून पत्रं लिहिण्यासारखं होतं. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात यजमान जेवताना, काही विषय नसताना, ताटाकडे बघत म्हणाले, "लोक म्हणतात वस्तऱ्याने केस दाट होतात. तसं असतं तर मी टकल्यांची डोकी भादरून बंगला नसता बांधला?"

"जेवा गुपचूप," बाई म्हणाल्या.

उरला तो चिमटा. भुवया कोरायचा, बोटभर लांबीचा. यजमान सकाळी दुकान उघडायला गेले की बाई न्हाणीघराच्या खिडकीशी उभ्या राहायच्या आणि एकेकाचा निकाल लावून चिमटा फडताळात, बांगड्यांच्या डब्यामागे ठेवायच्या. असा तो कित्येक वर्षं चालला. कधी घसरला नाही, कधी केस मधेच तुटला नाही. बाई त्या कंपनीवर इतक्या खूश होत्या की बहिणीलाही त्यांनी तसाच आणून दिला.

तो घेऊन बहीण यंदा तावातावाने आली. "ताई, कसली गं तुझी कंपनी? सहा महिन्यांत टोकं जुळेनाशी झाली. नुसतं चिमटतंय, केस सुटता सुटत नाही."

"काहीतरीच. माझा बघ."

"तुझा तुझ्यासारखाच आहे. चिवट."

बाईंना कंपनीचा अपमान सहन झाला नाही. त्यांनी दोन्ही चिमटे दुकानात नेले आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना, चष्म्याचे स्क्रू बसवायच्या भिंगाखाली धरले. बहिणीच्या चिमट्याची टोकं गोल झिजलेली होती. त्यांच्या स्वतःच्या चिमट्याच्या टोकांवर बारीक, तिरक्या रेघा होत्या. कुणीतरी दगडावर घासून टोकं जुळवली होती. एकदा नव्हे, अनेकदा. असा बारीक दगड घरात एकच होता आणि तो वस्तऱ्यांच्या पेटीत असायचा. सलूनला सुट्टी असते त्या दिवशी बाई कामावर असतात आणि यजमान घरी बसून हत्यारं पाजळतात.

बाईंचे कान तापले. म्हणजे यांना माहीत होतं. साबण, कोरफड, तो बंद झालेला रेडिओ, टकल्यांचा बंगला, सगळं ओळीने डोळ्यांपुढून गेलं. इतकी वर्षं समोर बसून चहा पिताना ते पाहत होते तर.

त्यांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला, आणि आता त्यांना दुसरं काहीतरी दिसलं. जुन्या रेघा आखल्यासारख्या सरळ होत्या. अगदी वरच्या, ताज्या रेघा मात्र वेड्यावाकड्या. एके ठिकाणी दगड चक्क घसरला होता. बाईंनी भिंग बाजूला सारलं. मग त्या मालकांना सांगून लवकर निघाल्या आणि निघताना खणातून काहीतरी पिशवीत टाकून घेतलं.

सलूनला सुट्टीच होती. यजमान खिडकीशी कात्री उन्हात धरून, मान मागे नेऊन तिच्याकडे बघत होते. बाईंनी चिमटा त्यांच्यापुढे ठेवला.

"कधीपासून?"

यजमानांनी चिमट्याकडे पाहिलं. नाकबूल करण्यात अर्थ नव्हता. "पहिल्यापासून. बोथट चिमट्याने केस मधेच तुटतो, मग आतल्या आत वाढून पिकतो. त्रास तुलाच होणार."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"गिऱ्हाईक असतीस तर सांगितलं असतं," ते म्हणाले आणि कात्री पुसू लागले. "तू काय गिऱ्हाईक आहेस?"

पार्लरपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत ज्या धास्तीने बाई हिंडल्या होत्या, तिचं उत्तर हा माणूस कात्री पुसता पुसता देऊन बसला होता. डोळे भरून यायच्या आत त्यांनी पिशवीत हात घातला.

"आणि तुम्हाला कधीपासून दिसत नाहीये?"

"मला? मला काय झालंय?"

"शेवटची धार वाकडी लावलीत. पेपर हातभर लांब धरता. चष्मेवालीच्या नवऱ्याने चाळिशी लपवायची?"

"अगं, वस्तरा हातात असताना नाकावर चष्मा बघितला की गिऱ्हाईक खुर्चीतून उठतं."

"आणि कान कापला गेला की बसून राहतं, नाही का? इकडे बघा. हलू नका."

बाईंनी पिशवीतून काढलेला चष्मा यजमानांच्या नाकावर चढवला, कानामागच्या काड्या सवयीने वाकवल्या आणि वीतभर अंतरावर उभ्या राहून, हनुवटी न लपवता विचारलं, "आता कसं दिसतंय?"

यजमानांनी कात्रीकडे पाहिलं, चिमट्याकडे पाहिलं. मग बराच वेळ बाईंकडे पाहिलं.

"हनुवटी ठीक आहे," ते म्हणाले. "वरच्या ओठाकडे जरा दुर्लक्ष झालंय."

बाईंनी काचा पुसायचं फडकं त्यांच्या तोंडावर मारलं. "आत्ताच म्हणालात ना, बायकोला असलं काही सांगत नाही?"

"ते नवरा म्हणून. आता मी तुझं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक काय वाटेल ते बोलतं."

बाईंना ती शाळकरी मुलगी आठवली आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग त्यांनी खुर्ची ओढून उजेडात घेतली, तीत बसल्या आणि चेहरा वर केला. यजमानांनी चष्मा सारखा केला, चिमटा दगडावर दोनदा फिरवला आणि कामाला लागले. वरचा ओठ धरलेला असल्यामुळे बाईंना बोलता येत नव्हतं. सलूनच्या खुर्चीत बसलेल्याला यजमान ज्या गप्पा सांगत, त्या बायकोला सांगायच्या इतकी वर्षं राहूनच गेल्या होत्या; त्या त्यांनी आता सुरुवातीपासून सांगायला घेतल्या.